उरलेले चार चेंडू

सांगली

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला तुझे वडील भेटले. तू यापुढे फक्त टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळणार म्हणतोस, हे त्यांच्याकडून कळलं.

रविवारी शेवटच्या षटकात तुला सलग दोन चौकार बसले. मी स्कोअररच्या शेजारीच बसलो होतो. चेंडू परत आला, तू तो पुसलाही नाहीस. रनअपच्या खुणेपर्यंत न जाता मध्येच वळलास आणि तिसरा टाकून मोकळा झालास. मॅच तिथं गेली, चौकारांनी नाही.

१ डिसेंबर २०१९. सुरतला सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीची, म्हणजे राज्यांच्या संघांच्या वीस षटकांच्या स्पर्धेची फायनल. कर्नाटकच्या १८० धावा. तमिळनाडूला शेवटच्या षटकात १३ हव्यात आणि चेंडू कृष्णप्पा गौतमकडे, तुझ्यासारखाच ऑफस्पिनर. समोर अश्विन. पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार! उरल्या चार चेंडूंत पाच धावा. अशा वेळी कुणीही गौतमला मोडीतच काढला असता. पण पुढचा चेंडू निर्धाव गेला. मग एक धाव. मग दुसऱ्या धावेच्या नादात तमिळनाडूचा विजय शंकर धावबाद. शेवटच्या चेंडूवर तीन हव्या होत्या, एकच मिळाली. कर्नाटक एका धावेनं जिंकलं.

ही स्पर्धा आयपीएलच्याही आधीची. २००६-०७ च्या पहिल्याच हंगामात मुंबईच्या रोहित शर्मानं गुजरातविरुद्ध शतक ठोकलं, तेव्हा तो विशीतही नव्हता. २००९-१० ला तिला मुश्ताक अलींचं नाव मिळालं आणि त्या नावाची पहिली ट्रॉफी उचलली ती आपल्या महाराष्ट्रानं, हैदराबादला हरवून. मुश्ताक अली म्हणजे १९३६ ला मँचेस्टरला ११२ करणारे, परदेशात कसोटी शतक काढणारे पहिले भारतीय. पन्नास षटकांच्या स्पर्धेला नाव आहे विजय हजारेंचं, आणि ते तर आपल्या सांगलीतच जन्मले.

तिथवर जायची तुझी वाट जिल्हा संघातून, निमंत्रित संघांच्या इन्व्हिटेशन सामन्यांतून जाते, आणि ती सगळी लेदर बॉलची आहे. टेनिस बॉलला शिवण नसते रे. सहा महिने तोच टाकलास तर बोटं शिवण धरायची विसरतील. इतका चांगला वळतो तुझा चेंडू, ते मला बघवणार नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला शिवाजी स्टेडियमवर ये. मी अंपायरच्या जागी उभा राहीन. चार चेंडू, पाच धावा. फिल्डिंग तू लावायचीस. आणि प्रत्येक चेंडूआधी खुणेपर्यंत चालत जायचं.

तुझा,
सर