क्वेकर पूर्वज: धर्म कुठे शोधायचा, धंदा कुठे शोधायचा

आपल्या बाजूची वंशावळ काकांनी कधीच कुलवृत्तांतात छापून ठेवलेली असते, प्रश्न येतो तो सुनेच्या किंवा जावयाच्या गोऱ्या बाजूचा. नातवंडाला शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट मिळतो, इंग्लंड-अमेरिकेतल्या कुठल्यातरी कागदावर 'क्वेकर' असं निघतं, आणि तिथे सगळे अडकतात. मग मला मेल. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा सगळ्यांना इथेच उत्तरं देते. नवीन वाचकांसाठी एवढंच, की क्वेकर म्हणजे 'फ्रेंड्स' नावाचा ख्रिस्ती पंथ, 1650च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या प्रचारातून वाढलेला. पगारी पाद्री नाही, बाप्तिस्मा नाही, शपथ घ्यायची नाही, युद्धात भाग घ्यायचा नाही. आणि सगळं लिहून ठेवायचं, हे आपल्या कामाचं.

प्रश्न (ठाणे): क्वेकर ओट्स कंपनी क्वेकरांचीच ना? सुनेचे पणजोबा ओहायोचे होते.

नाही. फक्त ट्रेडमार्क आहे, 1877चा. पंथाशी संबंध नाही, पणजोबांशी तर नाहीच.

प्रश्न (बर्मिंगहॅम): जावयाच्या आजीचं माहेरचं आडनाव फ्राय. म्हणजे ते ब्रिस्टलचे चॉकलेटवाले फ्राय धरायचे का?

धरायचं काही नाही. आडनावावरून धर्म ठरत नाही आणि धंदा तर त्याहून नाही. जन्म, लग्न, मृत्यू अशा एकेक दाखल्यावरून मागे जा, कुठे पोहोचता ते मग कळवा.

प्रश्न (लेस्टर): मिस्टरांच्या पूर्वजांना 1720 ते 1735 मध्ये पाच मुलं झाली, पण गावच्या चर्चच्या रजिस्टरमध्ये एकाचाही बाप्तिस्मा नाही. नणंद म्हणते म्हणजे क्वेकरच, घरात सगळ्यांची नावंही बायबलमधलीच आहेत.

बायबलमधली नावं तेव्हा अर्ध्या इंग्लंडची होती, तो पुरावा सोडून द्या. बाप्तिस्मा नसणं हा इशारा आहे, पुरावा नव्हे, कारण बॅप्टिस्ट लोकही तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करत नाहीत, आणि कधी नोंद शेजारच्या गावातही असते. क्वेकर असतील तर त्यांच्या स्वतःच्या जन्मनोंदी असतात. ही जुनी रजिस्टरं 1837 नंतर सरकारजमा झाली, आता लंडनजवळ क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी 6 या नावाखाली आहेत. देण्याआधी क्वेकरांनी त्यांचे गोषवारे करून घेतले, त्यांना डायजेस्ट म्हणतात, ते लंडनच्या युस्टन रोडवर फ्रेंड्स हाउसच्या लायब्ररीत बघायला मिळतात. डायजेस्टमध्ये नाव सापडलं की लोक नाचायला लागतात आणि मूळ पान बघतच नाहीत, तसं करू नका, मूळ पानावर साक्षीदार वगैरे जास्तीची माहिती असते. आणि त्याआधी तुमच्या गावासाठी कुठली मंथली मीटिंग होती ते शोधा. क्वेकरांचा सगळा कारभार या मासिक सभेतून चालायचा आणि दप्तर तिच्या नावाने लावलेलं असतं, ती माहीत नसेल तर काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला मेल टाकून विचारा, ते सांगतात.

प्रश्न (रेडिंग): सुनेच्या पूर्वजांचं लग्न क्वेकर रजिस्टरमध्ये '1704, दुसऱ्या महिन्याची 6 तारीख' असं आहे आणि पहिल्या मुलीचा जन्म '1704, बाराव्या महिन्याची 4'. एका वेबसाइटवरच्या ट्रीमध्ये लग्न फेब्रुवारीत, जन्म डिसेंबरमध्ये दाखवलाय. व्याही म्हणतात ते चूक, तेव्हा दुसरा महिना म्हणजे एप्रिल आणि बारावा म्हणजे फेब्रुवारी. पण तसं धरलं तर मुलगी लग्नाच्या दोन महिने आधी झाली! घरात कोणी यावर बोलायला तयार नाही.

बोला, बिनधास्त बोला, काहीही झालेलं नाहीये. आणि हे उत्तर सगळ्यांनी वाचा, तुमच्या ट्रीमध्ये क्वेकर असोत नसोत.

जानेवारी, मार्च ही नावं रोमन देवांवरून आली म्हणून क्वेकर ती वापरायचे नाहीत, नुसते आकडे लिहायचे. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण इंग्लंडमध्ये 1751 पर्यंत वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांचा पहिला महिना मार्च, दुसरा एप्रिल, अकरावा जानेवारी, बारावा फेब्रुवारी. म्हणजे महिन्यांच्या बाबतीत व्याही बरोबर आहेत. पुढची पायरी ते चुकले: वर्षच मार्चमध्ये बदलत होतं, तर 1704चा फेब्रुवारी हा 1704च्या एप्रिलच्या नंतर आला की नाही? आजच्या हिशोबाने तो फेब्रुवारी 1705. लग्न 6 एप्रिल 1704, मुलगी 4 फेब्रुवारी 1705, म्हणजे दहा महिन्यांना दोन दिवस कमी. झालं. ही तारीख फेब्रुवारी 1704/05 अशी दोन्ही वर्षं देऊन लिहायची म्हणजे पुढच्याचा घोटाळा होत नाही.

मला खरी चीड येते ती त्या वेबसाइटवरच्या ट्रीची. तिथे लग्न फेब्रुवारी, जन्म डिसेंबर, मध्ये पुन्हा दहाच महिने, म्हणजे दिसायला अगदी छान आणि दोन्ही तारखा चूक! असली चूक कधी पकडली जात नाही कारण ती शोभून दिसते. एकाने टाकली, दुसऱ्याने क्लिक करून आपल्या ट्रीत घेतली, तिसऱ्याने त्या दोघांचा 'पुरावा' म्हणून दाखला दिला, आणि आता बारा ठिकाणी तेच आहे म्हणून तेच खरं. मूळ पान एकानेही उघडलेलं नसतं. वर सॉफ्टवेअर 'दुसरा महिना' टाइप केलं की न विचारता फेब्रुवारी करून मोकळं. म्हणून मूळ नोंद जशी आहे तशी, आकड्यांसकट, आधी एका रकान्यात उतरवा आणि तुमचं रूपांतर शेजारी वेगळं लिहा. नुसतं रूपांतर ठेवून मूळ उडवलंत तर पुढे कोणालाच ते तपासता येणार नाही.

1752 पासून वर्ष 1 जानेवारीला सुरू झालं, त्यानंतरच्या नोंदीत पहिला महिना म्हणजे जानेवारीच. त्याच साली 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर आला, तेव्हा त्या मधल्या तारखेला कोणाचा इंग्लंडमधला जन्म दाखवला असेल तर ती नोंद तिथेच खोडा. राहता राहिला एक अवघड तुकडा, 1752च्या आधीच्या पहिल्या महिन्याच्या 1 ते 24 तारखा. कोणी कारकून 1 मार्चपासूनच नवं वर्ष लिहायचा, कोणी 25 पर्यंत थांबायचा. तिथे वर-खालच्या नोंदी बघून त्या कारकुनाची सवय ओळखावी लागते, आणि ते स्वतःच्या मनाने करू नका, पानाचा फोटो आर्काइव्हिस्टला दाखवा.

प्रश्न (पुणे): मुलीच्या सासरी सांगतात की क्वेकर सगळे बँकर आणि कारखानदार होते. पण त्यांच्या 1760च्या पूर्वजाच्या नावापुढे 'फेलमाँगर' लिहिलंय. हा काय हुद्दा?

हुद्दा कसला, मेंढ्यांची कातडी घेऊन त्यावरची लोकर काढून विकणारा. वास येणारा, मेहनतीचा धंदा, आणि बहुतेक क्वेकर असेच होते: विणकर, चांभार, दळणवाले, किराणावाले, शेतकरी. बँकवाले लॉइड, बार्कले, नॉरिचचे गर्नी, चॉकलेटवाले कॅडबरी नि राउनट्री, बिस्किटवाले हंटली अँड पामर्स (तुमच्या रेडिंगच्या वाचकांना माहीत असतील), बूटवाले क्लार्क, कोलब्रुकडेलला 1709 मध्ये कोकवर (भाजलेल्या दगडी कोळशावर) लोखंड गाळणारे डार्बी, ही सगळी क्वेकर घराणी हे खरंच आहे. पण ही नावं मूठभर. व्यापारात एवढे क्वेकर का, तर बाकीचे दरवाजे बंद होते. शपथ घ्यायची नाही म्हणजे सरकारी पद नाही, वकिली नाही, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी घ्यायची तर चर्च ऑफ इंग्लंडची तत्त्वं मान्य करायला लागायची, तीही 1850च्या दशकापर्यंत. 1696च्या कायद्याने शपथेऐवजी साधं प्रतिज्ञेवर सांगायची मुभा मिळाली पण त्याने सगळं सुटलं नाही.

आणि 'क्वेकर होते म्हणजे दारूचा धंदा शक्यच नाही' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. लंडनची मोठी ब्रुअरी 1781 मध्ये विकत घेणाऱ्यांत बार्कले होतेच, बिअरला तेव्हा कोणी वाईट म्हणत नव्हतं, दारूबंदीचा जोर नंतर, 19व्या शतकात आला. बंदुकांचं मात्र वेगळं. बर्मिंगहॅमचे सॅम्युअल गॅल्टन धाकटे बंदुका बनवायचे, त्यांनी बाजू मांडली की हा धंदा आमच्या घरात कित्येक वर्षं उघड चालू आहे, तुम्हीच इतकी वर्षं आमच्या वर्गण्या घेतल्यात, तरी 1796 मध्ये मीटिंगने त्यांचं सदस्यत्व काढलं.

तुमच्या फेलमाँगरचा धंदा कुठे दिसेल: लग्नाच्या सर्टिफिकेटवर नवरदेवाचा आणि बहुतेक वेळा दोन्ही वडिलांचा व्यवसाय असतो. मंथली मीटिंगच्या मिनिट बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, गरीब मुलाला कोणाकडे उमेदवारीला ठेवलं, पैसे कोणी भरले, हे असतं. माणूस गाव बदलून गेला की जुनी मीटिंग नव्या मीटिंगला पत्र द्यायची, त्यावरून धंद्यासाठी कुठे हलला ते कळतं. आणि माझं आवडतं दप्तर म्हणजे 'सफरिंग्ज'. चर्चचा दशमांश कर क्वेकर भरायचे नाहीत, मग जप्ती यायची, आणि काय नेलं, किती किमतीचं, हे मीटिंग लिहून ठेवायची. विणकराकडून कापडाचा तागा, किराणावाल्याकडून साखर नाहीतर चीज, शेतकऱ्याची गाय, ज्याच्याकडे काहीच नाही त्याची कथलाची ताटं. दुकानात काय होतं हे इतकं जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही. यातलं बरंचसं ऑनलाइन नाहीये, तेव्हा काउंटी रेकॉर्ड ऑफिसला आधी विचारल्याशिवाय तिकिटं काढू नका.

प्रश्न (मिल्टन कीन्स): 1788 मध्ये पूर्वजाला मीटिंगने काढून टाकलं. म्हणजे वाळीत टाकलं ना? सासरे हे ट्रीमध्ये घालू नका म्हणतात.

घाला. वाळीत टाकणं नव्हे हे. रोटी-बेटी बंद, पाणी बंद असं काही नव्हतं, रविवारी प्रार्थनेला येऊन बसायलाही मनाई नव्हती, फक्त सदस्यत्व आणि कारभाराच्या सभेत बसायचा हक्क जायचा. बहुतेकांना काढलं ते पंथाबाहेर किंवा पाद्र्यासमोर लग्न केलं म्हणून, आणि हे 1859-60 पर्यंत चाललं. दुसरं मोठं कारण दिवाळं, कारण दुसऱ्यांचे पैसे बुडवणं हा त्यांच्या लेखी धर्माचाच गुन्हा होता, म्हणजे धर्म नि धंदा एकाच पानावर. कारण मिनिटात लिहिलेलं असतं. बायकांच्या मीटिंगची मिनिटं वेगळी असत, तीही मागवा, लोक विसरतात. आणि पुढची काही वर्षंही चाळा, चूक कबूल करून परत घेतलेलेही खूप असतात.

प्रश्न (पुणे, दुसरे वाचक): डीएनए किट घेतलं तर क्वेकर रक्त किती टक्के ते कळेल का? सेलमध्ये आहे, सोबत घराण्याचं चिन्हही फ्रेम करून देतात.

धर्म रक्तात नसतो. आणि आडनावाला चिन्ह नसतं, ते एका माणसाला दिलेलं असतं आणि त्याच्या वंशाला, बाकी सगळी फ्रेमची विक्री आहे. पैसे ठेवा, मूळ नोंदीच्या कॉपीला लागतील.

प्रश्न (फिलाडेल्फिया): बायकोच्या पूर्वजाला 1829 मध्ये काढलं असं एका पुस्तकात आहे, पण 1840 मध्ये तोच माणूस मीटिंगच्या कमिटीवर दिसतो. दोन वेगळी माणसं?

एकच असेल बहुतेक. 1827 मध्ये तिथले क्वेकर हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स असे फुटले आणि एका गटाने दुसऱ्या गटातल्यांना धडाधड काढलं. एका वहीत तो बाहेर, दुसऱ्या वहीत मजेत कमिटीवर. दोन्ही बाजूंची मिनिटं बघा, स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड या दोन कॉलेजांत त्यांचा मोठा साठा आहे, दोघांनाही लिहा, एकाचं उत्तर आलं म्हणून थांबू नका.

प्रश्न (नागपूर): आमचे पणजोबा होशंगाबादच्या मिशनमध्ये वाढले, नंतर नोकरीसाठी नागपूरला आले. घरात 'फ्रेंड्स मिशन' असं म्हणतात. आम्ही क्वेकर का? आणि नगरकडचे आमचे नातेवाईक?

नगरचे नाहीत, तिथलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचं. तुमचं मात्र शक्य आहे. रेचल मेटकाफ ही ब्रिटिश क्वेकर बाई 1866 मध्ये भारतात आली, आधी बनारस, मग होशंगाबाद, आणि त्या भागात फ्रेंड्सचं मिशन उभं राहिलं. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात तिकडच्या मिशनांनी खूप अनाथ मुलं सांभाळली, तेव्हा पणजोबांच्या मूळ घराचं नाव न सापडण्याची तयारी ठेवा. मिशनमध्ये वाढला म्हणजे सदस्य झालाच असंही नाही. मिशनचे कागद लंडनच्या फ्रेंड्स हाउस लायब्ररीत आहेत, गाव, अंदाजे साल आणि जी जी नावं माहीत आहेत ती सगळी लिहून मेल करा. जातीचा दाखला, वारसा हक्क असलं काही यावर अवलंबून असेल तर वकिलाला विचारा, मला नको.

प्रश्न (लीड्स): क्वेकर कबरींवर नावं का नाहीत?

1717 पासून दगड लावायला मनाई होती, 1850 मध्ये साधे, एकसारखे दगड चालतील असं ठरलं. दफनाची नोंद वहीत बघा.

प्रश्न (ब्रिस्टल): सुनेच्या आजीकडे 1790च्या सुमाराचं लग्नाचं सर्टिफिकेट आहे, मोठं, खाली खूप सह्या. घड्यांवर फाटत चाललंय. आजी नव्वदीच्या पुढे आहेत. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा लॅमिनेट करून घ्यायचा विचार आहे, चालेल?

अजिबात नाही, ना लॅमिनेशन ना दिवाळी. क्वेकर लग्नात पाद्री नसतो, हजर असलेले सगळे सही करतात, नातेवाईक बरेचदा एका बाजूला वेगळे, म्हणजे त्या एका कागदावर दोन्ही घराण्यांचं त्या दिवशीचं अख्खं गणगोत आहे आणि तुम्ही त्याला प्लॅस्टिकमध्ये उकडणार? सेलोटेपही नको. या शनिवारी जा, खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न लावता पुढून, मागून आणि सह्यांचा प्रत्येक भाग जवळून असे फोटो काढा, घडी जोर लावून उघडू नका. आजींना एकेक सही दाखवून कोण कोणाचं ते विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग कागद सपाट, ॲसिड नसलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसला फोन करून कागदाचा कॉन्झर्वेटर कोण ते विचारा.