आम्ही दोघे भारतीय, मुलगी मात्र अमेरिकन. हा कायदा बदलायला नको का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी २०१२ साली अमेरिकेत जन्मली, तुम्हा नवराबायकोचे पासपोर्ट तेव्हाही भारतीय होते, आजही आहेत. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात राहण्यासाठी मिळणारं). आता सगळे नागपुरात परतलात आणि तिला भारतीय करायचंय. मी इथेच वकिली करतो, असे आईबाप माझ्याकडे येत असतात.

आधी कायदा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४ सांगतं की परदेशात जन्मलेलं मूल आईबापामुळे भारतीय ठरतं. पूर्वी त्यासाठी बापच भारतीय असावा लागे. १० डिसेंबर १९९२ पासून आईही चालते. पण ३ डिसेंबर २००४ पासून एक अट आली: जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची, उशीर झाला तर केंद्राची परवानगी घ्यायची. आणि नोंद करताना आईबापांनी लिहून द्यायचं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. तुमचं घोडं इथेच अडलंय. अमेरिकेचं नागरिकत्व सोडायचं म्हटलं तरी ते मुलांच्या वतीने आईबापांना सोडता येत नाही.

बदल हवाच, पण कुठे? दुहेरी नागरिकत्वाची मागणी यात मिसळू नका. मला ती पटतही नाही. माझं बोट कलम ८ कडे आहे. आईबापांनी त्या कलमाखाली भारतीय नागरिकत्व सोडलं तर अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलांचंही जातं, पण अशा मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर एक वर्षाच्या आत नुसत्या घोषणेने ते परत मिळवता येतं. म्हणजे ज्यांनी देशाचा पासपोर्ट परत केला त्यांच्या लेकरांना दार उघडं, आणि ज्यांनी तो कधी सोडलाच नाही त्यांच्या लेकरांनी कलम ५ खाली (नोंदणीने नागरिकत्व) अर्ज करून दिल्लीच्या निर्णयाची वाट बघायची. हे उफराटं आहे. अठराव्या वर्षी दुसरा पासपोर्ट सोडून घोषणा करायची तीच सोय कलम ४ मध्ये घाला, एवढंच माझं म्हणणं.

तोवर काय? मुलगी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणार असेल तर ओसीआय कार्डाची तारीख बघा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना फक्त एनआरआय किंवा जादा जागांवर ढकललं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याआधीच्या कार्डधारकांना यातून वाचवलं. काटोलकडे संत्र्याची बाग असेल तर ती तिला वारशाने मिळेल, शेतजमीन विकत घेता मात्र येणार नाही.

अठरा झाल्यावर कलम ५(१)(जी): पाच वर्षं ओसीआय आणि अर्जाआधी सलग बारा महिने भारतात वास्तव्य. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. (नागपुरात नागरिकत्व म्हटलं की लोकांना जरीपटक्यातले सिंधी आठवतात. पाकिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांचे अर्ज निकाली काढायचे अधिकार २०१६ पासून इथल्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले. तुमच्या मुलीला ती वाट लागू नाही.) अर्जाआधीच्या त्या बारा महिन्यांत परदेशवाऱ्या टाळा, शाळा-कॉलेजचे दाखले जपून ठेवा. सोळाच्या आत काढलेला अमेरिकेचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. नवा निघाला की त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायला विसरू नका.