हेल्मेट खालच्यालाही हवं
वाचकांचे प्रश्न : प्रस्तरारोहण

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये चढणारा हेल्मेट घालतो, बिले देणारा, म्हणजे दोर धरून त्याला सांभाळणारा, उन्हाची टोपी घालून खाली उभा असतो. खरी गरज कुणाला? (नाशिक)

उत्तर : दोघांनाही. ग्रुपकडे एकच हेल्मेट असेल, तर त्या दिवशी सुळका राहू द्या. चढणारा पडेल की नाही हे सांगता येत नाही, पण सह्याद्रीत दगड सुटणार हे धरूनच चालायचं. आपला बेसॉल्ट थराथरांचा. पावसाळ्यात फटींत पाणी मुरतं, माती वाहून जाते आणि दिवाळीच्या सुमारास गवताच्या मुळांनी धरलेले दगड नुसत्या दोराच्या घासण्यानं निसटतात. वर वानरं असली तर विचारूच नका. ३० मीटरवरून सुटलेला दगड खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास असतो.

त्यात बिले देणाऱ्याला जागा सोडता येत नाही, ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा हातही सोडता येत नाही. त्याला दगड लागून हात सुटला, तर वरचाही गेला. म्हणून चढणाऱ्याच्या थेट रेषेत उभं राहू नका. एक-दोन मीटर बाजूला, पण कड्याजवळच थांबा. लांब उभं राहिलं, तर वरचा पडल्यावर तुम्ही कड्यावर ओढले जाता. ‘दगड!’ अशी हाक आली की वर बघायचं नाही. खांदे आवळून कड्याला चिकटायचं, दोर मात्र धरलेलाच. रॅपलिंगनंतर, म्हणजे दोरावरून उतरून झाल्यावर, दोर खाली ओढताना बरेच दगड येतात, आणि नेमकी तेव्हाच मंडळी हेल्मेट काढून डबे उघडून बसलेली असतात.

प्रश्न : बाइकचं किंवा साइटवरचं हेल्मेट चालेल का? (चिंचवड)

उत्तर : नाही. बाइकचं जड, मान वर करताना मागे अडतं आणि हाका नीट ऐकू येत नाहीत. साइटवरच्या साध्या हेल्मेटला बऱ्याचदा हनुवटीचा पट्टाच नसतो. युरोपीय ईएन ३९७ मानकाच्या हेल्मेटचा पट्टा साधारण १५ ते २५ किलोच्या ओढीला मुद्दाम सुटतो, कामगाराला गळफास बसू नये म्हणून. कड्यावरून पडताना हेच उलटं हवं. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ मानकात पट्ट्यानं सुमारे ५० किलोची ओढ सोसावी लागते. त्याच चाचणीत ५ किलोचं वजन २ मीटरवरून हेल्मेटवर टाकतात. गणित केलं तर ती ऊर्जा एक किलोचा दगड दहा मीटरवरून पडण्याइतकी. त्याहून मोठ्या दगडापुढे हेल्मेटवर फार विसंबू नका.

प्रश्न : कडक प्लॅस्टिकचं घ्यावं की हलकं फोमचं? (ठाणे)

उत्तर : संस्थेच्या सामायिक वापराला कडक कवचाचं. वजन ३०० ग्रॅमच्या पुढे, पण सॅकमध्ये आपटलं तरी टिकतं. लीड करणाऱ्यानं, म्हणजे दोर घेऊन सर्वांत आधी चढणाऱ्यानं मात्र कडेनं आणि मागून खाली उतरणारा फोम असलेलं बघावं. पाय दोर आणि कडा यांच्या मध्ये अडकला की पडताना माणूस उलटा होतो आणि डोक्याची मागची बाजू आपटते.

घालून बघताना पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं असावी. पट्टा न लावता, फक्त मागची चकती आवळून मान खाली घाला. हेल्मेट घसरलं तर तो आकार तुमचा नाही. मग पट्टा लावा. हनुवटीखाली एक बोट जावं. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं, एवढंच.

प्रश्न : बदलायचं कधी? (कोल्हापूर)

उत्तर : एक जोराचा मार बसला की लगेच. थर्माकोलसारखा फोम आतून चिरडतो आणि वरून काही दिसत नाही. मार बसला नसला तरी बहुतेक कंपन्या प्लॅस्टिकच्या हेल्मेटला जास्तीत जास्त १० वर्षं देतात. आत छापलेली तारीख बघा. ऑइल पेंटनं नाव लिहू नका, काही रंगांतलं थिनर कवच कमजोर करतं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागेही ठेवू नका.