'स्वेअर इन' करणारा राज्यपाल, 'स्वॉर्न इन' होणारा मंत्री

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी बातम्यांत कुठे 'स्वेअर्स इन', कुठे 'स्वॉर्न इन', तर कुठे 'टेक्स ओथ' दिसतं. इथल्या राजकारणावर इंग्रजीत लिहिताना यातलं काय वापरायचं, आणि तिकडची बातमी मराठीत आणताना काय सांभाळायचं?

आधी कर्ता कोण ते पाहा, कारण नव्वद टक्के गडबड तिथेच होते. मराठीत आपण 'शपथ घेणे' आणि 'शपथ देणे' असे दोन वेगळे प्रयोग करतो. मंत्री शपथ घेतो, राज्यपाल देतात. इंग्रजीत नुसतं 'स्वेअर' म्हणजे शपथ घेणं. पण त्याला 'इन' लागलं की बाजू पालटते आणि अर्थ होतो शपथ देऊन पदावर रुजू करून घेणं. म्हणून 'द गव्हर्नर स्वोर इन थर्टी-नाइन मिनिस्टर्स' हे वाक्य बरोबर आहे. १५ डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या राजभवनात तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी तेच केलं. मंत्री कर्त्याच्या जागी आला की मात्र रचना कर्मणी हवी: 'थर्टी-नाइन मिनिस्टर्स वर स्वॉर्न इन'. 'फडणवीस स्वेअर्स इन ॲज चीफ मिनिस्टर' याचा शब्दशः अर्थ फडणवीस कोणाला तरी शपथ देताहेत असा होतो, आणि वाचणारा 'कोणाला?' म्हणून पुढे शोधत राहतो.

ही चूक येते मथळ्यांतून. इंग्रजी मथळ्यात 'वॉज' गाळतात, त्यामुळे 'फडणवीस स्वॉर्न इन' एवढंच उरतं. आपण ते 'शपथ घेतली' असं साधा भूतकाळ म्हणून वाचतो आणि मग मथळा वर्तमानकाळात करायचा म्हणून त्यावरून 'स्वेअर्स इन' बनवतो. पण मथळ्यातलं ते 'स्वॉर्न' भूतकाळाचं रूप नाहीच, कर्मणी धातुसाधित आहे. भूतकाळ 'स्वोर'. भविष्यकाळासाठी मथळ्यात 'टू बी स्वॉर्न इन' लिहा; त्यातलं 'बी' जागा वाचवायला म्हणून काढू नका.

मंत्र्यालाच कर्ता ठेवायचं असेल तर 'टुक द ओथ' सरळ आणि निर्धोक. आपल्याकडची इंग्रजी पत्रं 'द' न लावता 'टुक ओथ' लिहितात. भारतीय इंग्रजीत ते इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या संपादकाकडे मजकूर जाणार असेल तर 'टुक द ओथ ऑफ ऑफिस' करा, नाहीतर तो 'द' घालणारच. राज्यपालांच्या बाजूने लिहायचं तर 'ॲडमिनिस्टर्ड द ओथ टू' असं लिहा. इथे 'गेव्ह' वापरू नका, तो आपल्या 'दिली'चा शब्दशः अनुवाद आहे.

बारीकसारीक गोष्टी: सर्वनाम मध्ये येतं, 'स्वोर हिम इन', लांबलचक कर्म असेल तर ते 'इन'नंतर. समारंभाला 'स्वेअरिंग-इन', जोडरेषेसह. क्रियापद असताना जोडरेषा नाही. 'न्यूली स्वॉर्न-इन मिनिस्टर' असं विशेषण नामाआधी आलं की पुन्हा जोडरेषा.

'थर्ड टर्म' आणि 'थर्ड टाइम' यांतला फरक महाराष्ट्रात फार उपयोगी पडतो. ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर फडणवीस मुख्यमंत्री म्हणून तिसऱ्यांदा 'स्वॉर्न इन' झाले. मधली खेप २३ नोव्हेंबर २०१९ ची, जिच्यानंतर तीन दिवसांतच राजीनामा आला. तिला 'टर्म' म्हणणं जिवावर येतं. 'टाइम' लिहिलं की वादच उरत नाही. (त्या शपथविधीला आपण सगळे 'पहाटेचा' म्हणतो. प्रत्यक्षात तो सकाळी आठच्या सुमारास झाला. इंग्रजीत 'अर्ली-मॉर्निंग' चालेल, 'डॉन' नको, नोव्हेंबरात मुंबईत तोवर चांगलं उजाडलेलं असतं.)

आता मजकुराच्या आतली चूक, जी भाषेपेक्षा महाग पडते: शपथविधी, खातेवाटप आणि पदभार या तीन वेगळ्या घटना आहेत. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात मंत्री 'राज्याचा मंत्री म्हणून' शपथ घेतो, गृहमंत्री किंवा अर्थमंत्री म्हणून नव्हे. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे आणि फडणवीस यांचा शपथविधी झाला, बाकी १८ मंत्र्यांचा ९ ऑगस्टला, आणि खातेवाटप त्यानंतर. ९ ऑगस्टच्या बातमीत कोणालाही 'स्वॉर्न इन ॲज' अमुक खात्याचा मंत्री लिहिलं तर ते चूकच. कार्यालयात जाऊन खुर्चीत बसण्याला 'टुक चार्ज' किंवा 'अझ्यूम्ड ऑफिस' म्हणा.

मग उपमुख्यमंत्र्यांचं काय? संविधानात हे पदच नाही. हा प्रश्न १९८९ मध्ये देवीलाल यांच्या निमित्ताने आला. त्यांनी मंत्री म्हणून शपथ घेताना 'उपपंतप्रधान' असा उच्चार केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं की शपथेत वर्णनाचा भाग वेगळा आणि गाभ्याचा भाग वेगळा. 'उपपंतप्रधान' हे निव्वळ वर्णन, माणूस कायद्याने मंत्रीच, शपथ वैध. त्यामुळे 'स्वॉर्न इन ॲज डेप्युटी चीफ मिनिस्टर' बेलाशक लिहा. त्या पदाला संविधानाने वेगळे अधिकार दिलेत असं सुचवणारं वाक्य तेवढं जोडू नका.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना, सर्वात जास्त घोळ 'पद व गोपनीयतेची शपथ' या तयार शब्दप्रयोगाने घातलाय. बोटांना सवय झालेली असते, कोणीही शपथ घेवो, तोच टाइप होतो. गोपनीयतेची शपथ आपल्याकडे मंत्र्यांना असते. अनुसूचीत केंद्रीय मंत्र्यांसाठी पहिला नमुना पदाचा, दुसरा गोपनीयतेचा. राज्याच्या मंत्र्यांसाठी पाचवा आणि सहावा. आमदार-खासदारांच्या शपथेत गोपनीयता नाही, न्यायाधीशांच्या नाही, राष्ट्रपतींच्या नाही. राष्ट्रपतींची शपथ तर अनुसूचीत नसून थेट अनुच्छेद ६० मध्ये आहे. २५ जुलै २०२२ ला सरन्यायाधीश रमणा यांनी द्रौपदी मुर्मू यांना दिली ती फक्त पदाची शपथ. अमेरिकेच्या अध्यक्षांचंही तसंच, तिथे 'ओथ ऑफ ऑफिस' एवढीच. तिला 'व गोपनीयतेची' हे शेपूट लावणं म्हणजे मूळ बातमीत नसलेली गोष्ट घुसडणं.

अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक. 'स्वॉर्न इन' म्हणजे शपथ, 'इनॉग्युरेशन' म्हणजे तो सगळा सोहळा. दोन्ही एकाच दिवशी असतीलच असं नाही. २० जानेवारी २०१३ रविवारी आला, म्हणून ओबामांनी त्या दिवशी खासगीत शपथ घेतली आणि जाहीर सोहळा सोमवारी झाला. २००९ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून शब्दांचा क्रम चुकला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा दिली गेली. दोन कार्यकाळ आणि चार शपथा. असा आकडा समोर आला की तो चुकीचा समजून 'दुरुस्त' करू नका.

'अफर्म'बद्दल विचारलं नाहीत, पण लागेल. ईश्वरसाक्ष शपथेऐवजी कोणी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा केली तरी इंग्रजीत त्यालाही 'स्वॉर्न इन'च म्हणतात; फ्रँकलिन पिअर्स यांनी १८५३ मध्ये 'स्वेअर'ऐवजी 'अफर्म' म्हटलं, तरी उल्लेख तसाच होतो. मुद्दाम फरक दाखवायचा असेल तेव्हाच वेगळं लिहा. आणि संविधानात 'मेक अँड सबस्क्राइब' असं येतं, त्यातलं 'सबस्क्राइब' म्हणजे खाली सही करणं. यूट्यूबशी त्याचा संबंध नाही. मंत्री शपथ वाचून झाल्यावर टेबलापाशी जाऊन सही करतात, ती हीच.

शेवटचा खड्डा ब्रिटनचा. तिथे पंतप्रधानपदाची शपथ नसतेच. राजा बोलावून सरकार बनवायला सांगतो आणि नेमणूक होते. २५ ऑक्टोबर २०२२ ला ऋषी सुनक यांची बकिंगहॅम राजवाड्यात तिसऱ्या चार्ल्सकडून नेमणूक झाली, शपथविधी झाला नाही. खासदार म्हणून राजनिष्ठेची शपथ असते, प्रिव्ही कौन्सिलची (राजाला सल्ला देणाऱ्या मंडळाची) वेगळी असते, पण त्या त्या-त्या पदाच्या. त्यामुळे इंग्रजी मजकुरात 'अपॉइंटेड' दिसलं की मराठीतही 'नियुक्ती झाली' असंच ठेवा.