सी-१० मागून खाली घेताना

तुझी १९७० ची शेवरले सी-१० पिकअप मागून खाली घ्यायची, म्हणजे तिची उंची कमी करायची, तर ऐक: हिला मागे बहुधा पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. नशीबवान आहेस! ४ इंच खाली नेणाऱ्या स्प्रिंग टाकल्यास की मूळचे शॉक ॲब्सॉर्बर लांब पडतात, तेव्हा आखूड घे.

खरी गोम पॅनहार्ड रॉडची, म्हणजे ॲक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याची. गाडी खाली बसली की हा दांडा ॲक्सल एका बाजूला सरकवतो. माझं एक चाक आतून घासायला लागलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लांबी कमी-जास्त होणारा रॉड लाव, ओळंबा लावून दोन्हीकडे चाकापर्यंतचं अंतर सारखं आहे का मोज. बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळ. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलेस तर रॉडच्या टोकांचे रबरी बुश पिळून फाटतात.

त्याहून खाली जायचं तर चॅसीला सी-नॉच हवा, म्हणजे ॲक्सलला वर यायला जागा मिळावी म्हणून चॅसीत सी-आकाराची खाच. ते वेल्डिंग जाणत्याकडूनच करून घे.