सिंक सारखं तुंबतं. केमिकल न वापरता, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर टाकून पाइप मोकळा होतो का?

फार थोडा होतो. मीही बरेच महिने दर आठवड्याला हेच करत होते. फेस यायचा, खळखळ व्हायची आणि काम झाल्यासारखं वाटायचं. शेवटी सिंकखालचा वाकडा पाइप, म्हणजे ट्रॅप, उघडला तर आत राखाडी, ओशट थर जसाच्या तसा होता.

कारण साधं आहे. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. एकत्र आले की ते एकमेकांचा जोर मारतात आणि उरतं पाणी, सोडियम ॲसिटेट आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. साचलेल्या तेलातुपावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. व्हिनेगर एकटं वापरा, तेही जड पाण्याचे पांढरे डाग काढायला. तिथे ते छान चालतं.

ओशट थरासाठी मी आता धुण्याचा सोडा वापरते. तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र अल्कली असल्याने चिकटपणा सुटायला मदत होते. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून हळूहळू ओतायचं, अर्ध्या तासाने पुन्हा गरम पाणी. हातमोजे घाला, ॲल्युमिनियमवर सांडू देऊ नका. पाइप पीव्हीसीचा असेल तर उकळतं पाणी नको, साधारण ६० अंशांपर्यंतचं पुरे. त्याहून गरम पाण्याने तो मऊ पडतो, सांधे सुटतात.

पण खरा फरक पडला तो भांडी घासण्याआधी तेल कागदाने पुसून घ्यायला लागल्यापासून. तेल-तूप गरम असताना पातळ असतं, पाइपात थंड झालं की थिजतं आणि वरून येणारा प्रत्येक कण धरून ठेवतो.

बाथरूममध्ये मात्र अडतात ते केस. सोडा, व्हिनेगर, गरम पाणी, यांपैकी कशानेही ते विरघळत नाहीत. जाळी बसवा, तुंबलंच तर वाकडी तार घालून ओढून काढा. प्लंजर वापरताना बेसिनचं वरचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर दाब तिथून निसटतो.

एक कळकळीची विनंती: ब्लीच टाकलेल्या पाइपात व्हिनेगर ओतू नका. क्लोरीन वायू तयार होतो, तो विषारी असतो.

आणि घरातल्या दोन-तीन ठिकाणचं पाणी एकदमच तुंबत असेल तर अडथळा बहुधा मुख्य लाइनमध्ये आहे. तिथे घरगुती उपाय पोचत नाहीत, प्लंबरलाच बोलवा.