स्कॉर्पिओ बघायच्या आधी बोलेरोचं बोनेट उघड

पोरा,

तुझा मेसेज वाचला, फोटो बघितले, आणि तो व्हिडिओ पण बघितला ज्यात गाडीच्या आवाजापेक्षा गाणंच मोठ्यानं ऐकू येतंय. २०१५ ची स्कॉर्पिओ, एस टेन, पांढरी, मालक सहा लाख म्हणायलाय आणि तू म्हणायलास की पाच ऐंशीला तुटेल. वर विचारतोस, काका घेऊ का. मला माहितीये तुझं आतून ठरलंय, आता फक्त आप्पांना सांगायला माझं नाव पाहिजे. सांगतो मी त्यांना, पण आधी हे सगळं वाच, सावकाश वाच, कारण मी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपात डिझेल इंजिनाखाली पाठ टेकवली आणि तरीसुद्धा जुनी गाडी घेताना एकदा सपशेल फसलोय.

तोच किस्सा आधी सांगतो. २०१६ ला मी सफारी घेतली होती, २००९ ची, डायकॉर इंजिनाची. मीटर ९२ हजार. एजंट गोड बोलणारा, चहा पाजला, गाडी चकाचक, डॅशबोर्डला असलं काही चोपडलेलं की तोंड दिसावं. मला वाटलं आपण मिस्त्री माणूस, आपल्याला कोण फसवणार. इंजिन चालू करून बघितलं, एक नंबर, उचल पण चांगली. पण ती मी जायच्या आधीच अर्धा तास चालू करून गरम करून ठेवलेली होती आणि मी बोनेटला हात सुद्धा लावला नाही, एवढी साधी गोष्ट. दोन महिन्यांनी मागची सीट काढून झाडायला घेतली तर खाली ऑइल बदलल्याची चिठ्ठी, त्यावर किलोमीटर १,४७,०००. म्हणजे मीटर निदान पंचावन्न हजारानं मागं घेतलेलं. वरून आरसीवर एका फायनान्सच्या कर्जाचा बोजा तसाच होता, तो उतरवायला मला आठ महिने लागले आणि जुन्या मालकाच्या दारात मी जेवढ्या चकरा मारल्या तेवढ्या माझ्या सोयऱ्याकडं पण मारल्या नाहीत. त्यामुळं आता मी सांगतो ते पुस्तकातलं समजू नको, पैसे मोजून शिकलेलं आहे.

आता तुझ्या दारात उभी असलेली बोलेरो. आप्पांनी २०११ च्या जूनमध्ये घेतली, एमएच २३, म्हणजे २०२६ च्या जूनमध्ये १५ वर्ष भरतात. तुला वाटायलंय १५ वर्ष झाली की गाडी भंगारात. तसं नसतंय. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा जो गोंधळ आहे तो तिकडचा, आपल्याकडं गाडी दाखवून, फिटनेस काढून, पाच वर्षांसाठी रजिस्ट्रेशन पुढं वाढवून मिळतं. कारला फी ५००० रुपये, वर पर्यावरण कर, पीयूसी, इन्शुरन्स, आणि आरटीओत पासिंगला, म्हणजे तपासणीला, नेण्याआधी जे काय लाईट, ब्रेक, हॉर्न, काचा नीट करायच्या त्याचा खर्च वेगळा. हे सगळं धरून सुद्धा तुझ्या सहा लाखाच्या कोपऱ्यात बसतंय. अडीच लिटरचं इंजिन आहे, कुठल्याही तालुक्याच्या गावात झाडाखाली बसलेला मिस्त्री उघडतो आणि बसवतो, मागं स्प्रिंगच्या जागी लोखंडी पाटे आहेत त्यामुळं खताची पोती टाकली तरी कुरकुर नाही. स्कॉर्पिओला मागं कॉइल स्प्रिंग, बसायला आराम, पण पोती टाकून बांधावर नेशील तर खालचे रबरी बुश बोलायला लागतील.

म्हणून म्हणतो, आधी बोलेरोचं बोनेट उघड. एक वही घे आणि गेल्या दोन वर्षांत तिच्यावर किती खर्च झाला ते आठवून लिही, आप्पांना विचार, गॅरेजवाल्याला विचार. आणि दुसऱ्या पानावर लिही की तिनं रस्त्यात किती वेळा उभं केलं. दवाखान्याला जाताना, आडत बाजारात माल नेताना, लग्नाला जाताना. माझा हिशोब साधा आहे, वर्षात दोनदा-तीनदा गाडीनं रात्री-अपरात्री रस्त्यात सोडलं आणि दर वेळी वेगळंच काहीतरी निघालं तर ती गाडी थकली, बदल. पण दर वेळी तेच एक दुखणं असेल, उदाहरणार्थ क्लच नाहीतर रेडिएटर, तर ते दुखणं नीट काढायचं, गाडी कशाला काढायची. आपल्या गाडीचे दहा आजार आपल्याला पाठ असतात. दुसऱ्याच्या गाडीचे दोनच असतील, पण ते तुला घाटात कळणार.

बरं हे झालं डोक्याचं. मनाचं पण समजतंय मला. गावात स्कॉर्पिओ म्हणजे काय हे मी तुला सांगावं का, साहेबांच्या मागं लागलेली रांग तीच, वरातीतली गाडी तीच, आणि सोयरीक जमवायला आलेले पाहुणे विहिरीचं पाणी नंतर विचारतात, दारातली गाडी आधी बघतात. २००२ ला ही गाडी आली तेव्हापासून बघायलोय मी हे येड. त्यात वाईट काही नाही, हौस पण खर्चाचीच गोष्ट आहे. फक्त वहीत हौसेचा खर्च हौसेच्या नावानं लिही, "बोलेरो आता चालत नाही" असं आप्पांना खोटं सांगू नको. ती चालते, परवा मीच तिच्यात बसून केजला जाऊन आलो.

तरी घ्यायचीच असेल तर मग मॉडेल, सनरूफ, अलॉय हे सगळं सोड आणि मालक बघ. एकाच हातची गाडी, मालक मास्तर नाहीतर दुकानदार, सर्व्हिसची बिलं फाईलला लावलेली, असली गाडी पन्नास हजारानं महाग असली तरी घ्यावी. आणि जी गाडी तीन वर्षांत चार जणांच्या नावावर फिरली तिच्या नादी लागू नको, चारही जण येडे नव्हते. आरसीचा फोटो मागव, एमपरिवहन ह्या सरकारी ॲपवर नंबर टाक, कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, बोजा आहे का हे तिथंच दिसतं. चलन किती थकलेत ते पण बघ. नवीन नंबरप्लेट, ती एचएसआरपी, बसवलीये का विचार, २०१९ च्या एप्रिलच्या आधीच्या गाड्यांना ती लागतेच, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे काही लाख रुपये लागत नाहीत. एवढं स्वस्तातलं काम ज्यानं केलं नाही त्यानं एअर फिल्टर वेळेवर बदलला असेल का, तूच सांग.

आणि एक, पाण्यातली गाडी. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं धाराशिव, बीड, लातूर, कुठं कुठं पाणी शिरलं ते तू डोळ्यानं बघितलंस. त्या पाण्यात गाड्या पण उभ्या होत्या, आणि त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत, धुवून-पुसून कुठंतरी विकायला उभ्याच आहेत. त्यामुळं पायाखालचं कार्पेट उचलून हात आत घाल, वास घे, सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढ आणि आतल्या टोकाला मातीची रेघ दिसतीये का बघ, सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का बघ. काळी माती कितीही धुतली तरी कुठंतरी राहतेच, आपल्या धोतराला विचार.

आता इंजिन. मालकाला आदल्या रात्रीच सांगायचं की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेव, गरम लागलं की समज काहीतरी लपवायलेत. थंड गाडी एका सेल्फला उचलली पाहिजे. सुरुवातीला जरा धूर येईल त्याला काही नाही, पण निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबेचना आणि पाण्याच्या टाकीत ऑइलचा तवंग दिसला तर हेडगॅस्केटकडं संशय, आणि ॲक्सिलेटर दाबला की काळा भपकारा येत असेल तर इंजेक्टर, टर्बो, एअर फिल्टर यांच्यातलं कोणीतरी नाटक करतंय. मग इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण हळूच उघड. थोडी वाफ आली तर चालतं, पण फसफस करत झाकण उडवायला लागलं, म्हणजे आपण ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते, तर हात जोडून घरी ये. इंजिन काम काढायचा आकडा ऐकला की सहा लाखाची गाडी साडेसातला पडते.

चालवून बघायचं ते मांजरसुंब्याच्या घाटात. गावात सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. घाटात तिसऱ्या गिअरला टाकून दाब, इंजिन ओरडतंय आणि गाडी त्या मानानं पुढं जात नाही असं वाटलं तर क्लच प्लेट गेली. उतारावर गिअरमध्ये पाय सोडून दे, गिअर उडून बाहेर पडतोय का बघ. काचा लावून साठ-सत्तरला मागून रेड्यासारखा हुंकार येतो का ऐक, तो डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरपेटीचा. एसी दुपारी बारा नंतर तपास, सकाळी आठला सगळ्यांचाच एसी गार लागतो, आपल्याला मे महिन्यात परभणी-नांदेडला जायचं असतंय. आणि हे सगळं झाल्यावर गाडी दहा मिनिट उभी करून खाली वाकून बघ काय टपकतंय.

टायर. ह्याच्यावर मी दोनदा बोलणार. टायरवर चार आकडे लंबगोल चौकटीत असतात, ३२१८ असेल तर २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, सात-आठ वर्षाचं रबर मेलेलं असतंय. तू जालन्याहून समृद्धीवर चढणार, तिथं १२० ची लिमिट, तू १२० नं जाणार, सिमेंटचा रस्ता, उन्हाळा, आणि खाली मेलेलं टायर. टायर जुने असले तर चारही नवीन टायरचे पैसे किमतीतून कापून घे, नाही कापले तर सोडून दे. स्टेपनीचा आकडा पण वाच, ती बऱ्याचदा गाडीच्या वयाची असते आणि गाडीचं खरं वय तीच सांगते.

स्कॉर्पिओ म्हणजे फोर बाय फोर, चारही चाकांना ताकद देणारी, हे भूत पण डोक्यातून काढ. पावसाळ्यात काळ्या रानात साधी स्कॉर्पिओ मागच्या चाकावर जागच्या जागी फिरत बसते, उंच आहे म्हणून निघत नाही, शेवटी ट्रॅक्टरच लागतो. आणि तुझ्या मित्रानं सांगितलेली ती जुनी फॉर्च्युनर, तीन लिटरवाली, गाडी दणकट आहे पण तिला टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला ह्याचं बिल नसेल तर घेतल्या दिवशी बदलावा लागतो, आणि तिच्या पार्टचे भाव ऐकून तुझे आप्पा माझ्याशी बोलणं सोडतील.

पैशाचं सांगतो. तुझ्याकडं सहा आहेत ना, मग गाडी पाचच्या आतली बघ. राहिलेला एक लाख पहिल्या सहा महिन्यांचा, टायर, बॅटरी, सगळी तेलं, ट्रान्सफरची फी, इन्शुरन्स, आणि काहीतरी निघतंच. भाव करताना एक लक्षात ठेव, २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला, चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्या १८ टक्क्यात आल्या, नवीन बोलेरो पण त्यातच बसते. मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के, ते पण आधीपेक्षा कमीच. नवीन स्वस्त झाल्यावर जुनीचा भाव जुनाच कसा राहील, हे मालकाला शांतपणे विचार, आवाज चढवू नको. आणि २०१५ च्या गाडीचे १५ वर्ष २०३० ला भरतात. म्हणजे बोलेरोचं जे झेंगट तुला आज नको झालंय तेच चार वर्षांनी परत दारात. हे मात्र तू धरलेलंच नव्हतंस, हो ना?

मग नवीनच घेऊ का हप्त्यावर, असं पण तू खाली लिहिलंयस. उसाच्या बिलावर हप्ता बसवू नको एवढंच म्हणतो, बिल कधी येतं ते कारखान्याला पण माहीत नसतं. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरमध्ये काजळी धरायचा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. तुझं रोजचं चालणं घर ते शेत चार किलोमीटर, त्यात तो तुंबतो आणि लाईट लागते. आणि हप्त्याशिवाय डिझेल वेगळं, महिन्याला हजार किलोमीटर चालवलीस आणि बाराचं ॲव्हरेज धरलं तर ८३ लिटर, नव्वदच्या वरचं डिझेल, म्हणजे साडेसात हजार कुठंच गेले नाहीत. सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांना तर हा हिशोब सांगायचीच सोय नाही.

बोलेरो विकायचं ठरलंच तर "तुम्ही घेऊन जा, नावावर करा सावकाश" असं करू नका. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी आरटीओत नाव बदलेपर्यंत मालक आप्पाच. त्या गाडीनं कुठं कोणाला उडवलं तर कोर्टाची नोटीस त्यांच्याच नावानं येणार. स्वतः आरटीओत जा, नाव बदललेली आरसी बघ. आणि इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आप्पांनी कधी क्लेम घेतला नसेल तर विकताना कंपनीकडून तसं पत्र घ्या. फक्त तो बोनस आप्पांचा, तुझ्या नावावरच्या गाडीला चालणार नाही, त्यामुळं नवीन गाडी कोणाच्या नावावर घ्यायची ते त्यांना विचारूनच ठरव.

आता असं कर. ह्या रविवारी बोलेरो घेऊन ये, वही घेऊन ये. आपण तिचं बॅक कॉम्प्रेशन बघू, पासिंगला काय काय लागतंय त्याची यादी काढू. मग तिच्यातच बसून त्या स्कॉर्पिओवाल्याकडं जाऊ. त्याला आज फोन करून सांग की रविवारी सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, आणि मी येतोय हे सांगू नको. येताना टॉर्च आण, माझ्या मोबाईलचा उजेड आता गाडीखाली पुरत नाही, आणि आप्पांना पण घे सोबत, ते मागच्या सीटवर बसून काही न बोलता जे तोंड करतात ना, त्यावरून मला निम्मं कळतं.

तुझा काका